व्हिडिओत दाखवलं तसंच

विशाखा साळवेला राग लवकर यायचा नाही, पण एकदा आला की लवकर जायचाही नाही. ती जिथं शिकवायची त्या नर्सिंग कॉलेजात हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून प्राचार्या मंजुषा मॅडम तिला नव्या कामाला जुंपायच्या आधी चहा पाजायच्या. त्या सोमवारीही चहा पाजला आणि मग बातमी दिली. मुलींनी आपल्या छातीची तपासणी आपणच कशी करायची, हे शिकवणारा विशाखानं वर्षापूर्वी केलेला व्हिडिओ आता संस्थेच्या चाळीस शाळांत दाखवायचा ठरला होता. शुक्रवारी मोठा कार्यक्रम, अध्यक्ष काकासाहेबांनी बटण दाबायचं, विशाखाला शाल आणि नारळ. विशाखा खूश झाली, अगदी घरी नवऱ्याला फोन करून सांगण्याइतकी. पुढं तो आनंद आठवला की तिला स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटायची.

दुपारी एका मुलीचा फोन आला. मी अमृता, पाचोडच्या पुढच्या शाळेतली, सर्टिफिकेट देताना तुम्ही मला हुशार म्हनल्या होत्या, असं तिनं एका दमात सांगितलं. आधी व्हिडिओ दाखवलेल्या सहा शाळांतल्या दोनशे तेरा मुलींपैकी ही कोणती, ते विशाखाला काही आठवेना. मुलगी म्हणाली की ती शहरातच आहे, आईला कॅन्सरच्या दवाखान्यात आणलंय, आणि मॅडमना एकच गोष्ट विचारायची आहे, पण फोनवर नको.

विशाखा स्कूटीवरून थेट दवाखान्यात गेली. व्हरांड्यात गावोगावची माणसं सतरंज्या टाकून बसली होती, कुणी कन्नडचं, कुणी गंगापूरचं, उशाला पिशव्या आणि एक्स-रेची मोठाली पाकिटं. अमृता दारातच उभी होती. अकरावीतली सडपातळ पोर, दोन वेण्या, हातात फाईल. आत खाटेच्या कडेला तिची आई लक्ष्मीबाई बसली होती. एक्केचाळीस वर्षांची, कापूस वेचून वेचून बोटांना चिरा पडलेली बाई. विशाखाला बघून ती उठायला लागली, तर विशाखानंच तिला खांद्याला धरून बसवलं.

अमृतानं सगळं क्रमानं सांगितलं, शाळेत उत्तर सांगतात तसं. दिवाळीनंतर आईला न्हाणीत डाव्या बाजूची कातडी आत ओढल्यागत दिसली. आईनं कुणाला सांगितलं नाही, पण पोरीचं सर्टिफिकेट बापानं फ्रेम करून भिंतीवर लावलेलं होतं. मग एका दुपारी घरात कुणी नाही असं बघून आईनं तिला म्हटलं, तुला शिकवलंय ना, बघ बरं. पोरीनं साबणानं हात धुतले. आईला खाटेवर उताणं निजवलं, डावा हात डोक्याखाली घ्यायला लावला, तीन बोटं जुळवून काखेपासून गोल गोल फिरवत आत आली. घड्याळ लावून पाच मिनिटं. काही लागलं नाही. तिनं आईला तसं सांगितलं आणि आई निर्धास्त झाली. नंतर दर महिन्याला तिनं आठवणीनं तपासलं. असे सात महिने. आठव्या महिन्यात गाठ आपणहूनच कापडावर उमटायला लागली, तेव्हा बापानं शहरात आणलं. डॉक्टर म्हणाले, कॅन्सरची तिसरी पायरी. आधी औषधाच्या बाटल्या चढवायच्या, मग ऑपरेशन.

"मी तिला म्हनलं व्हतं, झंपर काढू का," लक्ष्मीबाई मधेच म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता, जे झालं ते सांगत होती. "तर म्हनली, नको आई. व्हिडिओत दाखवलं तसंच करायचं."

अमृतानं फाईल छातीशी धरली आणि तिला जे विचारायचं होतं ते विचारलं. "मॅडम, मी चुकीचं बघितलं का?"

विशाखानं त्या वेळी जे उत्तर दिलं त्याची तिला जन्मभर लाज वाटणार होती. ती म्हणाली, असं नसतं बाळा, हे आजार कुणाच्या हातात नसतात. मुलीनं मान डोलावली, पण तिला उत्तर मिळालं नव्हतं हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. विशाखा डॉक्टरांना भेटते असं सांगून बाहेर पडली आणि डॉक्टरांकडं न जाता थेट पार्किंगमध्ये स्कूटीपाशी आली.

कारण अंगावरचं ते कापड त्या व्हिडिओत कसं आलं, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

तिनं लिहिलेल्या पहिल्या मजकुरात कपडा नव्हताच. कॉलेजातल्या एक सीनियर सिस्टर चेहरा न दाखवता तपासणी करून दाखवायला तयार झाल्या होत्या. आधी आरशासमोर उभं राहून बघायचं, दोन्ही बाजू सारख्या आहेत का, कातडी कुठं ओढली गेलीय का, स्तनाच्या टोकातून काही येतंय का. मग उघड्या अंगावर हात. सगळं रीतसर, पुस्तकात असतं तसं. मग तो मजकूर समितीपुढं गेला आणि समिती म्हणजे काकासाहेब. त्यांनी पहिलं पान वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, आपल्या शाळांतल्या पोरी आहेत ह्या, झाकली मूठ सव्वा लाखाची. व्हिडिओला त्यांचा विरोध नव्हता, उलट असे उपक्रम झालेच पाहिजेत असं त्यांचं मत होतं. फक्त कपड्यावरून दाखवा. हात तोच, पद्धत तीच, मधी कापड असलं काय अन् नसलं काय.

मंजुषा मॅडमनी टेबलाखालून विशाखाच्या पायावर पाय ठेवला होता. पण पाय ठेवला म्हणून ती गप्प बसली, असं म्हणणं खोटं होईल. तिनं मनाशी हिशोब केला होता, काहीच न शिकवण्यापेक्षा थोडं तरी शिकवलेलं बरं. मग पूर्ण बाह्यांचा पंजाबी ड्रेस आला, ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना आल्या. आरशाचा भाग तर गेलाच, कारण ड्रेस घालून आरशात बघायचं तरी काय. ताकाला जायचं ठरलं होतं आणि भांडं मात्र ओढणीखाली लपवलं होतं. घरी करताना कपडे काढून करा, हे आपण तोंडी सांगू, असं तिनं स्वतःला समजावलं. पहिल्या दोन शाळांत तिनं ते सांगितलंही. पुढच्या चार शाळांत हेडमास्तर खुर्ची टाकून वर्गात बसले, आणि तिनं ते वाक्य गिळलं. मग शेवटी परीक्षा घेतली. प्रश्न व्हिडिओतलेच होते. मुलींचे गुण एकतीस टक्क्यांवरून चौऱ्याऐंशी टक्क्यांवर गेले. म्हणजे पोरी हुशारच होत्या, जे चुकीचं शिकवलं ते त्यांनी चोख उचललं.

आजवर तिचा राग नेहमी दुसऱ्यावर असायचा आणि त्यात एक सुख असायचं. ह्या रागात सुख नव्हतं. रात्रभर तिला एकच आकडा दिसत राहिला, दोनशे बारा. अमृता सोडून उरलेल्या. प्रत्येकीच्या घरात आई, आजी, चुलती, आणि प्रत्येकीच्या भिंतीवर सर्टिफिकेट.

मंगळवारी सकाळी ती काकासाहेबांच्या ऑफिसात गेली. मंजुषा मॅडमना तिनं सोबत घेतलं होतं, किंवा खरं तर त्याच तिच्या मागं धावत आल्या होत्या. विशाखानं बसायच्या आधीच सांगून टाकलं. शुक्रवारचा कार्यक्रम थांबवा, व्हिडिओ चुकीचा आहे. कापडावरून लहान गाठ हाताला लागत नाही, कातडीतला फरक तर दिसतच नाही. आधी त्या सहा शाळांत परत जाऊन मुलींना नीट शिकवू द्या, मग नवा व्हिडिओ करू. तिनं लक्ष्मीबाईचं सगळं सांगितलं, फक्त गावाचं आणि मुलीचं नाव तेवढं सांगितलं नाही.

काकासाहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. ते रागावणाऱ्यांतले नव्हते, त्यांना तशी गरजच पडत नसे. त्या बाईंच्या औषधपाण्यासाठी संस्थेकडून मदत करू, असं ते म्हणाले. पण चाळीस हेडमास्तरांना निरोप गेलेत, पत्रिका छापून झाल्यात, आणि चूक झाली असं संस्थेनं आपल्या तोंडानं कशाला म्हणायचं. एका बाईचं झालं म्हणून सगळं मोडीत काढायचं का. शिवाय उघड्या अंगाचं काही दाखवलं तर उद्या गावातले लोक शाळेत यायचे.

"तुमच्याकडं चालत असंल हे, मॅडम," ते म्हणाले. "आमच्याकडं अजून थोडी लाज-शरम शिल्लक हाये."

विशाखाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुमच्याकडं म्हणजे कुणाकडं, हे तिला विचारायची गरज नव्हती. तिच्या आडनावापासून तिच्या गळ्यातल्या निळ्या दोऱ्यापर्यंत सगळं त्या एका शब्दात मोजून झालं होतं. तरी तिनं विचारलं. काकासाहेबांनी पुढची फाईल ओढली आणि वाचायला लागले. मंजुषा मॅडम तिचा हात धरून तिला दाराकडं ओढायला लागल्या.

"त्या बाईची छाती आमच्याकडची नाय, तुमच्याकडचीच हाये, काकासाहेब," विशाखा म्हणाली. कॉलेजात ती पुस्तकी बोलायची, पण त्या क्षणी तिच्या तोंडून तिच्या आजोळची भाषा आली. "लाज तुम्ही राखली. जीव तिचा चाललाय."

काकासाहेबांनी मान वर केली नाही. शुक्रवार होईपर्यंत सुट्टी घ्या, एवढंच म्हणाले.

तिनं सुट्टी घेतली. संध्याकाळी ती दवाखान्यात गेली. लक्ष्मीबाईला पहिली बाटली लागली होती आणि ती डोळे मिटून पडली होती. विशाखानं अमृताला जिन्यात नेलं, पायरीवर आपल्या शेजारी बसवलं आणि सगळं सांगितलं. समिती, काकासाहेब, पिना लावलेली ओढणी, गिळलेलं वाक्य. काल मी तुझ्याशी खोटं बोलले, हेही सांगितलं. तुझ्या हाताचं काही चुकलं नाही, कापडावरून कळत नाही हे मला तेव्हाच माहीत होतं.

"माहीत होतं?" अमृता म्हणाली.

"हो."

मुलगी रडली नाही. रडली असती तर विशाखाला बरं वाटलं असतं.

"आन् तरी तुम्ही मला हुशार म्हनल्या," ती म्हणाली.

 विशाखा फक्त एवढंच म्हणाली की उद्या ती अमृताच्या शाळेत जाणार आहे, परवानगी असो नसो. अमृता उठली, ड्रेस झटकला. वर्गातल्या पोरींनी घरोघर तपासलंय, मी त्यांना ओळखते, मी येते, असं म्हणाली. आईजवळ मावशी थांबणार होती. तिनं विशाखाला माफ केलं होतं असं मुळीच नाही. बुधवारी सकाळी पाचोडपर्यंत एसटीत आणि पुढं जीपमध्ये ती खिडकीकडं तोंड करून बसली.

विशाखानं पहाटे उठून कणीक मळली होती, पोळ्यांना मळतात त्यापेक्षा जरा घट्ट. तिचे पाच गोळे केले, प्रत्येकात एक हरभऱ्याचा दाणा दडवला, आणि प्रत्येक गोळा अस्तर लावलेल्या जुन्या झंपराच्या तुकड्यात दुहेरी गुंडाळून डब्यात भरला. व्हिडिओ नसेल तर नसेल, शिकवायचं कसं हे ती वीस वर्षांत शिकली होती.

हेडमास्तर गोकुळ सर गेटवरच भेटले. माणूस वाईट नव्हता, फक्त घाबरट होता. काकासाहेबांचा सकाळीच सहाही शाळांना फोन आलाय, टीव्हीच्या खोलीला कुलूप लावलंय, मॅडम माझी अडचण समजून घ्या, असं सगळं त्यांनी एका श्वासात सांगितलं. विशाखा म्हणाली, टीव्ही नकोच आहे. मला सर्टिफिकेट मिळालेल्या इथल्या शेहेचाळीस मुली पाहिजेत, एक खोली, आणि तुम्ही खोलीच्या बाहेर. सरांनी अमृताकडं बघितलं. तिच्या आईची बातमी गावात पोचली होती. ते बाजूला झाले, आणि फोन लावायला ऑफिसात गेले.

मुली दाटीवाटीनं बसल्या. विशाखानं आतून कडी घातली आणि डबा उघडून पाच गोळे पाच रांगांत दिले. व्हिडिओत दाखवलं तसं तपासा, म्हणाली. मुलींना सगळं पाठ होतं. तीन बोटं जुळली, गोल गोल फिरली, गोळा पुढं गेला. काय लागलं असं तिनं विचारलं, तर सगळ्यांनी काही नाही म्हणून सांगितलं. मग तिनं कापड सोडायला लावलं आणि पुन्हा तपासायला सांगितलं. पहिल्या रांगेतल्या एका मुलीची बोटं थांबली. तिनं पुन्हा फिरवली, पुन्हा तिथंच थांबली. शेजारणीनं गोळा तिच्या हातातून घेतला. रांगेमागून रांग हरभरे सापडत गेले आणि वर्गातली कुजबुज बंद पडत गेली.

"घरी कुणाकुणाला तपासलंय?" विशाखानं विचारलं. "आईला, आजीला, कुणालाही. हात वर करा."

आधी चार-पाच हात वर गेले. मग मागच्या बाकावरचे. मग जवळजवळ सगळेच. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या अमृतानंही हात वर केला.

"आता, ज्यांनी काही नाही असं सांगितलं त्यांनी हात वरच ठेवा. बाकीच्यांनी खाली घ्या."

एकही हात खाली आला नाही.

विशाखाला वाटलं होतं की तिला हे आधीच माहीत आहे. पण आकडा माहीत असणं वेगळं आणि ते हात बघणं वेगळं. तिला त्या क्षणी काकासाहेबांना मानगुटीला धरून इथं आणावंसं वाटलं, ह्या हातांसमोर उभं करावंसं वाटलं, आणि त्यांच्या शेजारी स्वतःलाही. ते शक्य नव्हतं. मग तिनं शिकवायला घेतलं. ह्या वेळी काहीही गिळलं नाही. न्हाणीचं दार लावायचं, अंगावर कापड ठेवायचं नाही, आधी डोळ्यांनी बघायचं. मग साबणाच्या हातानं, पाळी सुरू झाल्यावर आठवडाभरानं. तुमच्या वयात गाठ लागली तर ती बहुतेक वेळा साधीच असते, घाबरायचं नाही, पण दाखवायचं. आईच्या वयाच्या बाईला लागली तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठायचा. आणि मुख्य म्हणजे, तुम्हाला काही लागलं नाही तरी बाईला स्वतःला काही वेगळं वाटत असेल, तर डॉक्टरकडं जायचंच. तुमचा हात म्हणजे डॉक्टर नाही. दारावर दोनदा टकटक झाली. पिशवीतला फोन वाजून वाजून थांबला. तिनं तासभर बोलणं थांबवलं नाही.

शेवटी ती म्हणाली, "आज घरी गेल्यावर पहिलं काम. ज्यांना ज्यांना तपासलं त्यांना सांगायचं की मी चुकीचं बघितलं होतं, आपण परत बघू."

"असं नाय सांगायचं," अमृता म्हणाली.

सगळ्या मुली वळल्या. ती सकाळपासून पहिल्यांदा बोलत होती. "आपण चुकीचं नाय बघितलं. आपल्याला चुकीचं दाखवलं. तसंच सांगायचं घरी. आन् कुणी दाखवलं तेबी सांगायचं."

वर्ग विशाखाकडं बघत होता. विशाखानं खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, चुकीचं दाखवणारी, विशाखा साळवे. खाली आपला मोबाईल नंबर लिहिला, म्हणजे ज्या आईला शिव्या द्यायच्या असतील तिला देता येतील आणि जिला दवाखान्यात यायचं असेल तिला विचारता येईल. मग खडू ठेवून ती मागं सरकली.

अमृता फळा वाचत तशीच उभी होती. "एकच नाव?" तिनं विचारलं.

खिडकीच्या गजांपलीकडं गोकुळ सर फोन कानाला लावून उभे होते. त्यांचं तोंड उघडं होतं आणि फोनमधून कुणीतरी बोलत होतं. विशाखानं त्यांच्याकडं एकदा बघितलं, खडू परत उचलला, आणि आपल्या नावाखाली काकासाहेबांचं नाव लिहिलं, आडनावासकट, अध्यक्ष ह्या पदासकट, मोठ्या ठळक अक्षरांत. मुलींनी वह्या काढल्या आणि उतरवून घ्यायला लागल्या.